पन्हाळ्याचा वेढा, पंचगंगेचं पाणी आणि हातातला फोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रकल्प म्हणून पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट ऑगमेंटेड रिॲलिटीत, म्हणजे एआरमध्ये, सांगायची आहे. फोनच्या कॅमेऱ्यातून समोरची खरी जागा दिसते आणि तिच्यावर संगणकानं केलेली चित्रं चढवलेली असतात, ते एआर. हे माध्यम गोष्टीसाठी खरंच कामाचं आहे की चार दिवसांचं कौतुक, गोष्ट लिहायची कशी, सॉफ्टवेअर कुठलं, आणि मजकूर-निवेदन मराठीत ठेवलं तर अडचण येईल का, असं तिनं विचारलंय. तिचे मार्गदर्शक म्हणतात, "त्यापेक्षा सरळ व्हिडिओ कर."

मी संग्रहालयं, पुरवण्या आणि गडांवरच्या कामांसाठी एआर करतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी तुझ्या सरांचं म्हणणं नीट ऐक, कारण दहातल्या आठ कल्पनांच्या बाबतीत ते बरोबर ठरतं. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक "पुतळा बोलायला लागला पाहिजे" एवढंच घेऊन येतात. फोन धरला, पुतळा हलला, दोन वाक्यं बोलला, झालं. लोक एकदा बघतात, "लई भारी" म्हणतात आणि फोन खिशात घालतात. तोच पुतळा घरी कॉटवर पडून मोबाईलवर बघितला तरी तेवढीच मजा देतो. मग कशाला कुणाला उन्हात उभं करायचं? जी गोष्ट घरात बसून तितकीच कळते तिचा व्हिडिओच करावा. स्वस्तात होतो, कुठल्याही फोनवर चालतो आणि व्हॉट्सॲपवर फिरतो.

एआरला हात घालावा तो दोन कारणांसाठी. एक, माणूस ज्या जागी उभा आहे त्या जागेशिवाय गोष्ट अर्धी राहत असेल तर. दुसरं, एखाद्या गोष्टीचं खरं माप अंगावर आल्याशिवाय ती कळत नसेल तर. दुसऱ्याचं चांगलं उदाहरण न्यूयॉर्क टाइम्सनं 2018च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी दाखवलं होतं. खेळाडू उडीच्या ऐन मध्यावर थांबवलेले, खऱ्या मापाचे, वाचकाच्या स्वतःच्या खोलीत. स्केटिंग करणारा गडी जमिनीपासून किती वर गेलाय हे टीव्हीवर कधीच कळत नाही, कारण कॅमेराही त्याच्याबरोबर वर जातो. आपल्या टेबलाशेजारी तो हवेत दिसला की कळतं. त्यात कथा म्हणावी असं फारसं काही नव्हतं, पण सांगायचं ते एका नजरेत सांगितलं होतं.

पन्हाळा पहिल्या कारणात बसतो, आणि चांगला बसतो. तटावरून खाली बघितलं की वेढा म्हणजे काय ते निम्मं तिथंच समजतं. 1660च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरची फौज या पायथ्याला बसली होती. आज तिथं शेतं, रस्ते, हॉटेलं दिसतात. म्हणजे जागा आहे, उंची आहे, वारा आहे, धुकं आहे. नाहीत फक्त माणसं आणि तंबू. जे नाही तेवढंच तू घालायचंस. तीन दरवाज्याचा कोरीव दगड थ्रीडीत पुन्हा उभा करू नकोस, तो समोर आहे. अंबरखान्याच्या भिंतीवर भिंतीचं चित्र चढवू नकोस. हे सांगायला लागतं याचं मला नवल वाटतं, पण गडांवरचे प्रकल्प बघशील तर निम्म्यांत हेच केलेलं असतं.

आता तंत्रातली एक गोष्ट, जी गोष्टीचाही निर्णय करते. फोन स्वतःची जागा ओळखतो ती कॅमेऱ्यात दिसणारे ठळक कोपरे आणि आतले हालचाल मोजणारे सेन्सर यांची सांगड घालून. चार-पाच मीटरच्या आत तो बराच नेमका असतो. एखादी पेटी जमिनीवर ठेवलीस तर ती दोन-चार सेंटीमीटरच्या फरकानं तिथंच राहते. पण "मी गडावर नेमका कुठं आहे आणि उत्तर कुठल्या बाजूला आहे" हे विचारलं की तो गडबडतो. उघड्यावरसुद्धा जीपीएस पाच-दहा मीटर इकडंतिकडं दाखवतं, आणि लोखंडी कठडा किंवा तोफ शेजारी असली की होकायंत्र भरकटतं. दहा अंश चुकलं तर एक किलोमीटरवरचा तंबू पावणेदोनशे मीटर बाजूला सरकतो. म्हणजे शेतातला तळ ओढ्यात.

यावर उपाय महागडा नाही. पडद्यावर समोरच्या बुरुजाची नुसती रेषा काढून दे आणि बघणाऱ्याला ती खऱ्या बुरुजावर बसवायला सांग. बसली की दिशा पक्की झाली. त्यात आणखी एक फायदा आहे: ती रेषा जुळवताना माणूस पहिल्यांदा त्या बुरुजाकडे नीट बघतो. नुसता बाण दाखवून ते होत नाही.

वेढ्याचा तळ दरीत, लांब ठेव. जवळ उभे केलेले थ्रीडी मावळे ही सगळ्यात मोठी डोकेदुखी असते. कुठली वस्तू किती लांब आहे हे फोनला कळत नसेल, आणि स्वस्त फोनला बहुतेक वेळा कळत नाही, तर मावळ्याच्या पुढून चालत जाणारा पर्यटक मावळ्याच्या मागून गेल्यासारखा दिसतो. पायाखाली सावली नसली की तो जमिनीपासून वीतभर वर तरंगतो. लांबच्या तंबूंना, शेकोट्यांच्या धुराला, निशाणांना यातला कुठलाच त्रास नाही, कारण मधून कुणी जात नाही आणि दोन पावलं इकडंतिकडं सरकलं तरी चित्र फारसं हलत नाही. जवळ ठेवायचंच असेल तर आवाज ठेव.

लिहिण्याबद्दल तू विचारलंस ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

तुला सिनेमाची सवय आहे, आपल्या गावाला तर आहेच. बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा इथंच बनवून घेतला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज बघतेस. पण सिनेमात कॅमेरा दिग्दर्शकाकडे असतो आणि एआरमध्ये तो प्रेक्षकाच्या हातात असतो. तुला कट करता येत नाही. क्लोजअप हवा असेल तर माणसाला दोन पावलं पुढं यायला लावावं लागतं. तो डावीकडे बघत असताना तू उजवीकडे अख्खी लढाई लावलीस तरी त्याच्या दृष्टीनं काहीच घडलेलं नाही. म्हणून पटकथा "दृश्य एक, दृश्य दोन" अशी लिहू नकोस. कागदाचे तीन रकाने कर: तो कुठं उभा आहे, त्याला कशामुळं मान वळवावीशी वाटेल, आणि वळवली नाही तर काय होईल. तिसरा रकाना रिकामा राहिला की गोष्ट अडकते. मान वळवायला पहिलं साधन आवाज. पाठीमागून पालखीच्या भोयांचा हुंकार आला तर कुणीही वळतं. मग हलणारा उजेड. पडद्यावरचा बाण अगदी शेवटी.

आणि वेळ. फोन डोळ्यासमोर धरून हात दुखायला फार वेळ लागत नाही. एका जागी मिनिट, फार तर दीड मिनिट. त्यानंतर फोन खाली घेऊ दे आणि नुसता आवाज चालू ठेव. त्या वेळात माणूस पुढच्या जागेपर्यंत चालतो. ही चाल गोष्टीचाच भाग धर.

वेढ्यातून सुटकेचा प्रसंग मी असा करीन. जुलैची रात्र, पाऊस. दोन पालख्या निघाल्या. एकीत महाराज, दुसरीत महाराजांच्या वेषातले शिवा काशिद. आपण सगळे ही गोष्ट मावळ्यांच्या बाजूनं ऐकत मोठे झालो. तू बघणाऱ्याला सिद्दीच्या चौकीदाराच्या जागी उभं कर. खाली झाडीत दोन मशाली वेगवेगळ्या दिशांना जाताना दिसतात, पडदे बंद, दोन्ही सारख्याच. तुझ्याकडे थोडेच सेकंद आहेत, कुठल्या मशालीवर फोन धरशील? बहुतेक जण जी जास्त वेळ दिसत राहते तिच्या मागं जातील, आणि ती शिवा काशिदांची असेल. दिसत राहायचं हेच त्यांचं काम होतं. ते निवेदकानं सांगायची गरज उरत नाही, बघणाऱ्याच्या हातानं ते घडलेलं असतं. हे व्हिडिओत जमणार नाही, आणि सरांना दाखवायला तुझ्याकडे एवढं पुरे आहे.

यात महाराजांचा चेहरा कुठंच दिसत नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तो मुद्दाम टाळलाय. बाजारात मिळणारी तयार थ्रीडी मॉडेलं घेऊन, पगडी कुठली, तलवार कुठली याचा पत्ता नसताना कुणीतरी "महाराज" उभे करतं आणि मग लोक चिडतात. चिडणं रास्तच आहे. बंद पालखी, मशाल, पाऊस एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. उलट जास्त चांगला राहतो.

दुसरी जबाबदारी पत्रकार म्हणून. खऱ्या दगडावर उभं केलेलं काल्पनिक चित्र खरंच वाटतं. पुस्तकातल्या चित्राला लोक चित्र म्हणतात. इथं "मी स्वतः पन्हाळ्यावर बघितलं" म्हणतात. त्यामुळं कागदपत्रांत आधार आहे ते एका पद्धतीनं दाखव आणि तुझा अंदाज आहे ते दुसऱ्या. मी अंदाजाचा भाग नुसत्या पांढऱ्या रेषांत ठेवतो, रंग भरत नाही. महाराज राजदिंडीच्या वाटेनं निसटले असं परंपरेनं सांगितलं जातं, तर तसंच म्हण. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी 'लंडन चार्टर' नावाची तत्त्वं आहेत, 2009ची आवृत्ती. त्यात हेच मागितलंय: काय कशावरून केलं याची नोंद ठेवा. प्रकल्पाच्या अहवालात ती नोंद जोडलीस तर परीक्षकही खूश होतील.

गडावरच्या बाकीच्या गोष्टी पटकन. संरक्षित वास्तूवर स्टिकर, मार्कर काही चिकटवायचं नाही. पन्हाळा आता 2025पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं तर नाहीच. सज्जाकोठीसारख्या ठिकाणी माणूस फोनमध्ये बघत मागं सरकतो, म्हणून प्रत्येक थांबा कठड्यापासून आत ठेव आणि चालताना पडदा काळा कर. पावसाळ्यात धुकं आलं की कॅमेऱ्याला धरायला कोपराच मिळत नाही, सगळं पांढरं. तेव्हा आपोआप फक्त आवाजाची आवृत्ती सुरू होईल असं बघ. सगळं साहित्य खाली गावातच डाउनलोड करून घ्यायला सांग, वर रेंजच्या भरवशावर राहू नकोस. रात्रीचा प्रसंग भरदिवसा दाखवायचा तर फोनवर कॅमेऱ्याचं चित्र निळसर-काळं करता येतं. एआर चष्म्यात मात्र ते जमत नाही. बहुतेक चष्म्यांची पारदर्शक काच फक्त उजेड मिळवू शकते, अंधार घालू शकत नाही.

एवढं सांगून एक वेगळीच सूचना करतो, पटली तर बघ. तू पत्रकारितेची विद्यार्थिनी आहेस. कोल्हापुरात एआरसाठी पन्हाळ्याहून जास्त गरजेचा विषय पंचगंगेचा आहे.

दर पावसाळ्यात आपण ऐकतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणीपातळी 39 फूट, इशारा पातळी, 43 फूट, धोका पातळी. हे आकडे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत. सुतारवाड्यातल्या किंवा व्हीनस कॉर्नरजवळच्या माणसाला त्यातून कळायला हवं ते एवढंच, की माझ्या दारात किती? बातमी ते सांगत नाही. 2018च्या सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्स चक्रीवादळाच्या वेळी अमेरिकेच्या वेदर चॅनलनं स्टुडिओत निवेदकाभोवती तीन, सहा, नऊ फूट पाणी चढवून दाखवलं होतं. लोकांना ते लगेच कळलं, कारण पाणी माणसाच्या मापानं दिसत होतं. पण तो स्टुडिओ होता. तू ते खऱ्या गल्लीत करू शकतेस, 2019 आणि 2021च्या पुराचं.

आणि इथं फोनची ताकद तुझ्या बाजूनं आहे. मघाशी म्हटलं तसं, फोनला जागा नीट कळत नाही पण माप कळतं. समुद्रसपाटीपासूनची उंची त्याला विचारायची नाही. तू स्वतः टेप घेऊन जा. उंबऱ्यापासून पुराच्या खुणेपर्यंत किती, ते घरमालकाला विचारून मोज. फोन जमीन ओळखतो, तू त्यावर तेवढ्याच उंचीला पाणी ठेवतेस. यात चूक झाली तर इंचांची होते, फुटांची नाही.

अशा एका गल्लीत आम्ही चाचणी घेत होतो. पाणी मस्त निळसर, वर आभाळाचं प्रतिबिंब. घरातल्या मावशींनी फोन घेतला, बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं साफ नव्हतं ओ दादा, चहासारखं होतं. आणि डिझेलचा वास." मग भिंतीकडे हात करून, "स्विचबोर्डाच्या वर, देव्हाऱ्याच्या खाली." फुटांचा आकडा त्यांनी एकदाही उच्चारला नाही. पूर आलेल्या घरात लोक असंच मोजतात: ओटा बुडला, मीटर बुडलं, देव राहिले. तुझं निवेदनही त्याच मापात लिही. पाण्याचा रंग त्यांना विचारून ठरव. त्या बोलत असताना आवाज रेकॉर्ड कर. पाण्याचं चित्र फक्त तेवढ्या वेळापुरतं दिसू दे.

एक पथ्य मात्र पाळ. जिथं मोजलेलं नाही तिथं पाणी दाखवायचं नाही. "साधारण इथपर्यंत येईल" असं एखाद्याच्या दारावर दाखवणं म्हणजे त्याच्या घराची किंमत पाडणं आणि शेजाऱ्याची झोप उडवणं. अंदाज वर्तवणं हे जलसंपदा आणि आपत्ती व्यवस्थापनाचं काम आहे. तू झालेलं दाखव. आणि घरात शिरून कॅमेरा लावायच्या आधी विचार. पुरात सगळं गेलेल्या माणसाला पुन्हा पाणी बघायचं नसेल, तर फोन खिशात.

छापील माध्यमाचा विचार तुझ्या डोक्यात असेल (असावा, नोकरी तिथंच लागेल), तर दोन शब्द. वर्तमानपत्रातल्या फोटोवर फोन धरला की तो जिवंत होतो, हे करायला सोपं आहे, पण फोटो निवडताना डोकं लावावं लागतं. मोकळं आभाळ किंवा रंकाळ्याचं संथ पाणी असलेला फोटो फोनला ओळखता येत नाही. भवानी मंडपाची कमान, गर्दी, पाट्या, खिडक्या असलेला फोटो लगेच धरतो. एकसारखी जाळी किंवा फरशी असली की तो गोंधळतो. न्यूजप्रिंटवर रंग सरकतात, घडी नेमकी फोटोवरून जाते, आणि चमकदार पुरवणीवर ट्यूबलाइटचा उजेड पडून अर्धा फोटो पांढरा होतो. चाचणी छापलेल्या अंकावर घे, स्क्रीनवर नको. अशाच एका चाचणीत एका छोट्या मुलानं फोटोतली बैलगाडी हलताना बघितली आणि पटकन पान उलटं करून मागं बघितलं. मागं जाहिरात होती. तेव्हापासून मी मागच्या पानावर काय आहे ते आधी विचारतो. तिथंही काहीतरी ठेवता येतं.

सॉफ्टवेअरबद्दल. इन्स्टाग्रामच्या फिल्टरवर प्रकल्प उभा करू नकोस. मेटानं बाहेरच्या लोकांसाठीचं स्पार्क हे साधन 14 जानेवारी 2025ला बंद केलं आणि त्यावर केलेली लोकांची सगळी कामं एका दिवसात गेली. कंपनीच्या मांडवाखाली केलेलं काम कंपनी मांडव काढेपर्यंतच. ब्राउझरमध्ये चालणारं, मुक्त स्रोत असलेलं साधन घे: फोटो ओळखण्यासाठी माइंडएआर किंवा एआर.जेएस, मॉडेलं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, जीएलटीएफ या फाइल-स्वरूपात साठवलेली. मूळ फायली स्वतःकडे राहतात आणि उद्या साधन बदललं तरी कामाला येतात. ॲप डाउनलोड करायला लावलंस की निम्मे लोक तिथंच गळतात, म्हणून क्यूआर कोड आणि थेट वेबपान. पानाचं वजन थोड्या एमबीत ठेव. पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित वेबपत्त्यावर, नसेल तर ब्राउझर कॅमेराच देत नाही, आणि बोट टेकवल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. म्हणून सुरुवातीला एक मोठं "सुरू करा" बटण ठेवून कॅमेऱ्याची परवानगी आणि आवाज दोन्ही तिथंच घे. ब्राउझरमध्ये एआर चालवायची वेबएक्सआर नावाची सोय आयफोनच्या सफारीत नाही, त्यामुळं जमीन ओळखून वस्तू ठेवायची असेल तर आयफोनसाठी क्विक लुकची (ॲपलच्या स्वतःच्या एआर दर्शकाची) वेगळी फाइल द्यावी लागेल, आणि त्यात परस्परसंवाद जवळपास नाही. पालख्यांचा प्रसंग म्हणूनच मी आधी ॲन्ड्रॉइडवर करीन. पुराचं पाणी दोन्हीकडे जमतं.

पण सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक दिवस गडावर किंवा गल्लीत नुसती जा. दोन मैत्रिणी घे. एकीच्या हातात पुठ्ठ्याची रिकामी चौकट दे, फोनच्या आकाराची. दुसरी तिच्या मागं उभी राहून तुझी संहिता वाचेल, आवाज काढेल. तू बाजूला उभी राहून चौकट कुठं वळते ते वहीत लिही. जिथं चौकट खाली आली तिथं संहिता लांबली आहे. जिथं ती भलतीकडे वळली तिथं काय दिसलं ते विचार. बऱ्याचदा त्या भलत्या जागीच चांगलं काहीतरी सापडतं.

भाषेचं शेवटी विचारलंस. निवेदन मराठीतच कर, आणि पुस्तकी नको. पन्हाळ्याची गोष्ट त्याच भागातल्या माणसाच्या तोंडून येऊ दे. वाऱ्यात रेकॉर्डिंग खराब होतं, म्हणून आवाज घरात घे आणि वारा वेगळा.

पडद्यावरच्या मजकुराचा मात्र त्रास होईल. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरलंस तर त्याच्या टेक्स्टमेशप्रो या मजकुराच्या साधनात देवनागरी नीट जुळत नाही: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते, "शिवा"ची वेलांटी "व"ला चिकटते, "पन्हाळ्या"तली जोडाक्षरं पाय मोडून वेगळी दिसतात. वेबपानावर अक्षरं ब्राउझर लिहितो, तिथं हा प्रश्न नाही. म्हणून मजकूर थ्रीडी दृश्यात न घालता वरच्या पानावर ठेव. दृश्यातच हवा असेल तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पीएनजी चित्र म्हणून चढव. दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि उन्हात वाचता यावं म्हणून पांढऱ्या अक्षरांमागं गडद पट्टी. चाचणी दुपारी बारा वाजता घे, संध्याकाळी सगळंच वाचता येतं.